गल्लीतला सायकल ट्रॅक

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, शाळेत सायकलने जाते. आमच्या रस्त्यावर सायकल ट्रॅकचा पट्टा रंगवलाय, पण त्यावर स्कूटरी लावलेल्या असतात. तिला भर रहदारीत शिरावं लागतं. काय मागणी करावी? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, पुण्याला ‘सायकलींचं शहर’ म्हणायचे तेव्हा मीही कर्वे रस्त्यावरून कॉलेजला सायकलनेच जायचो. ट्रॅक नव्हता, पण गाड्याही नव्हत्या!

नुसत्या रंगाला कोणी जुमानत नाही. मोठ्या रस्त्यावर ट्रॅकला उंच कडा हवीच. खांब रोवले तर चारचाकी अडते. स्कूटर मात्र सायकलच्याच फटीतून आत येते. म्हणून गल्लीत मी ट्रॅक मागणारच नाही, वेग कमी करून मागेन. ताशी ५० किमीने येणाऱ्या गाडीला ब्रेक लागल्यावर थांबायला ३० च्या गाडीपेक्षा जवळजवळ तिप्पट अंतर लागतं.

शाळेच्या दारात झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणायला सांगा. कोपऱ्याचं वळण आवळायला सांगा. ऐसपैस वळणावर कोणी वेग कमी करत नाही. गतिरोधक हवाच असेल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मापाचा : ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. गल्लोगल्ली दिसणारे अरुंद उंचवटे म्हणजे कंबरेला दंड, आणि सायकलवाल्याला सगळ्यात जास्त.

अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या. सकाळी शाळेच्या वेळेचे फोटो जोडा, शाळेचंही पत्र घ्या.