पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसच्या मुलांना रुग्ण तपासायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की फिजिओलॉजीत ट्यूटर म्हणून नुकतेच लागलात, पंचवीस मुलांची बॅच हातात दिली आणि 'क्लिनिकलचं तुम्ही बघा' एवढंच सांगितलं. मी हेच काम बरीच वर्षं करतोय. माझ्या मते बीपीपासून सुरुवात करावी आणि त्यावर चांगले तीन-चार तास घालवावेत. नाडी, श्वास, छाती ठोकून बघणं हे सगळं त्यामागून सोपं जातं.

मी नवीन असताना पहिल्याच प्रॅक्टिकलला डेमो दिला, मुलांना जोड्या लावून दिल्या आणि तासाभराने जर्नल गोळा केली. जवळजवळ सगळ्यांचं बीपी १२०/८०. दोघा-तिघांचं ११८/७८, म्हणजे ही जरा हुशार मंडळी. एकाने ११७ लिहिलं होतं. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा २-२ मिमीच्या असतात, तिथे ११७ वाचायचं कुठून?

मुलं लबाड नव्हती. बारावीच्या प्रॅक्टिकलला आधी उत्तर बघायचं आणि मग त्याला जुळेल असं रीडिंग लिहायचं, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं असतं. आपणच शिकवलंय ते त्यांना, म्हणजे शिक्षक जमातीने. म्हणून आता मी आधीच सांगून टाकतो की 'सर, मला काहीच ऐकू आलं नाही' असं म्हणणाऱ्याचे मार्क कापणार नाही, १२०/८० लिहिणाऱ्याला मात्र माझ्यासमोर पुन्हा घ्यायला लावीन. पहिले दोन दिवस कोणी बोलत नाही. मग एखादी मुलगी धीर करून म्हणते, की लगेच दहा हात वर होतात.

ऐकू न येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. स्टेथोचे कानातले भाग उलटे घातलेले असतात. त्यांचा कल पुढे, नाकाच्या दिशेने हवा. किंवा स्टेथोचा रुग्णाला टेकवायचा गोल तुकडा फिरलेला असतो आणि बंद बाजू दंडाला लावलेली असते. त्या तुकड्याच्या पातळ पडद्यावर, म्हणजे डायाफ्रामवर, बोटाने हलकी टिचकी मारून बघायची सवय लावा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्टेथो हातात देण्याआधी मात्र नुसत्या नाडीवर बीपी घ्यायला लावा. मुलं कुरकुरतात, कारण त्यांना स्टेथो गळ्यात घालून फोटो काढायचा असतो. त्यांना सांगा, रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा, म्हणजे कफ, आणला तेव्हा वरचं बीपी नाडीवरच कळायचं; स्टेथोतून ऐकू येणाऱ्या आवाजांचं वर्णन कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरने केलं ते १९०५ मध्ये. शिवाय हा काही नुसता इतिहास नाही. काही रुग्णांत, विशेषतः बीपी जास्त असलेल्यांत, आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा येतात. नाडी कुठे बंद होते ते आधी बघून त्याच्या वर ३० मिमीपर्यंत पारा चढवला नाही, तर १८० चं बीपी १५० वाचलं जाऊ शकतं. हे कळलं की कुरकुर थांबते.

शिकवायची पद्धत म्हणाल तर पेटनच्या चार पायऱ्या मला पटतात. आधी आपण न बोलता करून दाखवायचं, मग बोलत बोलत, मग मुलांनी सांगायचं आणि आपण करायचं, शेवटी त्यांनी करायचं. तिसरी पायरी वेळ नाही म्हणून बहुतेक जण गाळतात, आणि खरी मजा तिथेच आहे. मी मुद्दाम ते सांगतील तेवढंच करतो. 'कफ बांधा सर' म्हटलं की सरळ मनगटाला बांधतो. 'हवा सोडा' म्हटलं की फस्सकन सगळी सोडून देतो. हशा होतो, पण सेकंदाला २-३ मिमीने हवा सोडायची हे त्यानंतर कोणी विसरत नाही.

एक चूक माझ्याकडून झाली, तुम्ही करू नका. एका मुलाचं बीपी १५० च्या वर निघालं. जोडीदाराने ते मोठ्याने वाचलं, बॅच हसली आणि मीही काहीतरी विनोद केला. पोरगं पांढरंफटक पडलं. हल्ली मी आधीच बजावतो की रीडिंग ज्याचं त्यालाच सांगायचं, बाकी जर्नलमध्ये. जास्त निघालं तर त्याला पाच मिनिटं शांत बसवून मी स्वतः पुन्हा घेतो आणि गरज वाटली तर तास संपल्यावर एकट्याला ओपीडीत पाठवतो. छाती तपासायला तर ज्याची स्वखुशी असेल त्यालाच झोपवा, 'चल रे तू' म्हणून कोणाला ओढू नका.

ठोकून तपासण्याचं थोडक्यात सांगतो. ही युक्ती आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ मध्ये मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा, वडिलांची पिंपं वाजवून बघितलेली. आपल्या मुलांना कलिंगड पुरतं. टिचकी मनगटातून मारायची, कोपरातून नाही, आणि मधल्या बोटाचं नख कापलेलं हवं.

२०१९ च्या अभ्यासक्रमापासून पहिल्या वर्षातच मुलांना वॉर्डात नेता येतं, तेव्हा भाषेचीही तयारी करून घ्या. बाहेरच्या राज्यातली मुलं 'दुखतंय का' एवढं पटकन शिकतात. आजी मात्र म्हणते 'जिवाची नुसती घालमेल होते बघ', आणि मूल आपल्याकडे बघत राहतं. हात लावण्याआधी 'आजी, बीपी बघतो हं, हात सैल सोडा' हे वाक्य तोंडात बसेपर्यंत मी वर्गातच एकमेकांवर म्हणून घेतो. मराठी मुलांकडूनसुद्धा. तीही आधी मुकाट्याने दंडच धरतात.

आणि पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी विभागातले सगळे कफ एकदा बांधून बघा. वेल्क्रो गेलेले असतात.