नववीचे संगणकशास्त्र आणि नव्या संचांची वाट

मॅडम, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नववीची साठ मुलांची तुकडी, आठवड्यातून ३५ मिनिटांची एकच तासिका, खोलीतल्या दहा संगणकांपैकी चालू असलेले चार, आणि पंधरवड्यात येऊ घातलेले सहा नवे संच, ज्यांचा ताबा मुख्याध्यापक तुमच्या नावे घेणार आहेत. नवे संच येईपर्यंत थांबावे का, आणि मग ओळी टंकून प्रोग्राम लिहायच्या पायथन या भाषेपासून सुरुवात करावी की चित्रठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या स्क्रॅचपासून, असे तुम्ही विचारले आहे. 'तोपर्यंत संगणकाच्या पिढ्या आणि भाग लिहून देत आहे' हे तुमचे शेवटचे वाक्य वाचले आणि मला माझीच २०१२ सालची टाचणवही आठवली. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गणित-विज्ञानाचा शिक्षक आहे, संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. शाळेत एमएस-सीआयटी केलेला मी एकटाच असल्यामुळे तो विषय माझ्याकडे आला. माझा अनुभव एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेपुरता आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांचा अभ्यासक्रम वेगळा असतो आणि आपल्याकडील विषययोजनाही बदलत असते, त्यामुळे गुणदान आणि तासिकांबाबत चालू परिपत्रकच प्रमाण मानावे.

ताबा घेताना करायच्या सहीबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, पण मी तिथूनच सुरुवात करतो, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले.

त्या वर्षी जुलैत, दुपारी साडेचारच्या सुमारास, पुरवठादाराचा टेम्पो शाळेत आला. दहा संच, एक प्रिंटर आणि बॅटऱ्यांसह यूपीएस. आमच्याकडे तेव्हा दुपारचे भारनियमन असे आणि सहाच्या आत वीज येणार नव्हती. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीसाठी गेले होते. टेम्पोबरोबर आलेल्या तंत्रज्ञाला त्याच दिवशी आणखी दोन शाळा करायच्या होत्या. 'सर्व साहित्य तपासून चालू स्थितीत मिळाले' असे छापलेले प्रमाणपत्र त्याने माझ्यापुढे ठेवले. मी खोकी मोजली, ती दहा भरली, आणि मी सही करून शाळेचा शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी केली तेव्हा सहा संच सुरूच झाले नाहीत. तिघांचे पॉवर सप्लाय निकामी होते, दोघांत मेमरी बसवलेलीच नव्हती आणि एकाचा मॉनिटर आतून फुटलेला होता.

मी त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला पत्र पाठवले. दीड महिन्याने उत्तर आले की, अभिलेखानुसार साहित्य चालू स्थितीत प्राप्त झाले असल्याने तक्रार ग्राह्य धरता येत नाही, शाळेने पुरवठादाराशी परस्पर संपर्क साधावा. पुरवठादार म्हणे, कार्यालयाचे लेखी आदेश आणा. असे अकरा वेळा झाले. पाचव्या पत्राच्या वेळी तर आधीची चारही पत्रे आवक नोंदवहीत सापडत नाहीत असे मला सांगण्यात आले, आणि त्यांतल्या एकाही प्रतीवर मी पोच घेतलेली नव्हती. तीन वर्षांची वॉरंटी त्यातच संपली. मग बंद यंत्रांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव दिला, तर विहित आयुर्मान पूर्ण झालेले नाही म्हणून तो परत आला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या कायम साहित्याच्या नोंदवहीत, दहा संगणक, खोलीत चार, आणि त्या दहांच्या जोरावर आमचे नाव नव्या संचांच्या यादीतून वगळलेले. ज्या कार्यालयाने एकदा येऊन खोली पाहिली असती तर अर्ध्या तासात प्रश्न सुटला असता, त्याने तीन वर्षे फक्त माझी सही पाहिली. हे लिहितानाही मला त्रास होतो, कारण त्या सहीची किंमत माझ्यापेक्षा मुलांनी मोजली.

म्हणून हात जोडून सांगतो. वीज असतानाच ताबा घ्या. प्रत्येक संच सुरू करून, पडदा उजळलेला पाहून, त्याचा अनुक्रमांक स्वतः लिहून घ्या. जे तपासता आले नाही ते प्रमाणपत्रावर आपल्या हाताने लिहा: 'सहापैकी चार संच सुरू करून पाहिले, वीज नसल्याने उर्वरित दोन तपासलेले नाहीत.' असे लिहू देत नसतील तर सही करू नका आणि मुख्याध्यापकांना तसे लेखी कळवा. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि दिनांकासह पोच घ्या. मी कायद्याचा जाणकार नाही, पण एवढे केले असते तर माझी तीन वर्षे वाचली असती याबद्दल मला शंका नाही.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती, आणि ती कोणत्याही कार्यालयाची नव्हती. संगणक दुरुस्त होईपर्यंत मी मुलांना पिढ्या लिहून दिल्या. पहिली पिढी निर्वात नलिका, दुसरी ट्रान्झिस्टर, पुढे इनपुट आणि आउटपुट साधनांची यादी. नववीच्या तीन तुकड्या अशा गेल्या. त्यांतला एक मुलगा पुढे तंत्रनिकेतनात गेला आणि पहिल्याच सत्रात द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी लिहिलेल्या, संख्यांवर अडला. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा वह्यांच्या खोक्याचे पाच पुठ्ठे कापून मी त्याला ते समजावले. वीस मिनिटे लागली. त्या खोलीत वीज नव्हती आणि संगणकही नव्हता. संगणक नाहीत म्हणून तीन वर्षे मी जे शिकवले नाही, त्याला संगणक लागतच नव्हता, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हा थांबू नका, येत्या तासिकेपासून सुरुवात करा. पाच पुठ्ठ्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढा, मागची बाजू कोरी ठेवा आणि पाच मुलांना फळ्यापुढे उभे करा. पुठ्ठा दिसला की १, उलटा धरला की ०. मग वर्गातल्या कोणाचीही जन्मतारीख मागा. १९ तारीख असेल तर १६, २ आणि १ हे पुठ्ठे दिसतील आणि फळ्यावर १००११ लिहिले जाईल. पाच पुठ्ठ्यांची बेरीज बरोबर ३१ होते, त्यामुळे महिन्यातली कोणतीही तारीख त्यांत बसते. सहावा पुठ्ठा किती ठिपक्यांचा असेल हे मुलांनाच सांगू द्या, तुम्ही सांगू नका. इथे एक अडचण हमखास येते. वर्गाकडे तोंड करून उभी असलेली मुले १ चा पुठ्ठा आपल्या उजव्या हाताला धरतात आणि बसलेल्यांना संख्या उलटी दिसते. मी पहिल्या वर्षी यावर पूर्ण तासिका घालवली. आता मी जमिनीवर खडूने पाच चौकटी आखतो आणि बसलेल्या मुलांच्या उजवीकडील चौकटीत १ लिहून ठेवतो.

ही कल्पना माझी नव्हे. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे असे अनेक उपक्रम १९९० च्या दशकात तयार केले, आणि ते मोफत मिळतात. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणक क्षेत्रातील व्यावसायिकांच्या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला सीएसपाठशाला हा उपक्रमही याच वाटेने जातो.

मराठीच्या तासाला मुले वृत्ते शिकतात, त्याचाही उपयोग करून घ्या. लघु म्हणजे ० आणि गुरू म्हणजे १ धरले की तीन अक्षरांचे गण आठच का, याचे उत्तर २ × २ × २ मध्ये मिळते. 'यमाताराजभानसलगा' या सूत्रात कोणत्याही गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की तो गण मिळतो, आणि आठही गण एकेकदाच येतात. फळ्यावर ते ०१११०१०००१ असे लिहा आणि तीन-तीन अंकांची चौकट एकेक घर पुढे सरकवत न्या. भुजंगप्रयात म्हणजे ०११ चार वेळा. गेल्या वर्षी आमच्या मराठीच्या बाईंनी त्या तासिकेला येऊन बसण्याची इच्छा व्यक्त केली आणि पुढचा गण त्यांनीच मुलांकडून काढून घेतला. दुसऱ्या विषयाचा शिक्षक असा सोबत आला की वेळापत्रकातील तुमची तासिका सहसा कोणी मागत नाही.

अल्गोरिदम, म्हणजे काम करण्याची पायरीपायरीने लिहिलेली रीत, शिकवताना चहाची कृती लिहायला लावण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. चहा सर्वांना येतो, त्यामुळे कृतीतली गाळलेली पायरी वाचणारा मनातच भरून काढतो, आणि यंत्राला नेमके तेच जमत नाही ही मुख्य गोष्ट निसटते. त्याऐवजी दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने हातातल्या आकृतीचे वर्णन करायचे, दुसऱ्याने ती काढायची, प्रश्न विचारायचा नाही. 'वर एक रेघ मार' या सूचनेचे किती अर्थ होतात ते पाचव्या मिनिटाला सगळ्या वर्गाला दिसते. त्यानंतर गणितातील मसावि घ्या. २५२ ला १०५ ने भागले की बाकी ४२, १०५ ला ४२ ने भागले की बाकी २१, ४२ ला २१ ने भागले की बाकी ०, म्हणून मसावि २१. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे युक्लिडने लिहून ठेवलेली ही रीत मुलांना येत असते. तिलाच अल्गोरिदम म्हणतात आणि बाकी शून्य होणे ही तिची थांबण्याची अट आहे, एवढेच त्यांना सांगायचे असते.

शोधण्याच्या रीतीसाठी चढत्या क्रमाच्या ६३ चिठ्ठ्या बाकावर उलट्या मांडा. मधली चिठ्ठी उघडून अर्धा भाग सोडून देत गेले तर जास्तीत जास्त सहा चिठ्ठ्यांत हवी ती संख्या सापडते, नाहीतर ती त्यात नाही हे कळते. मग त्याच चिठ्ठ्या मिसळून पुन्हा खेळवा. क्रम लावलेला नसेल तर ही रीत निरुपयोगी ठरते, हे मुलांनी स्वतः हरून पाहणे आवश्यक आहे. हा दुसरा डाव वेळेअभावी गाळला जातो, कृपया तो गाळू नका.

एक धडा तुमच्या शाळेत आधीच तयार असेल. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानात उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे. तशी एक प्रत छापून वर्गात न्या. यंत्रात अक्षर नसते, संख्या असते, आणि ती संख्या कोणत्या अक्षराची हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते, हे त्या एका कागदावरून पोहोचते. युनिकोड या जगभर मान्य असलेल्या अक्षरसंकेतात देवनागरीला ०९०० ते ०९७एफ (हे आकडे षोडशमान पद्धतीतले) अशा १२८ जागा दिलेल्या आहेत. 'क' ची संख्या दशमानात २३२५. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर येते. 'मराठी' या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो आणि पायथनमधील लांबी मोजणारे लेन हे फंक्शन पाच मोजते, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र धरल्या जातात. इंग्रजी शब्दांनी शिकवताना हा मुद्दा कधी समोरच येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, पायथन की स्क्रॅच. माझे मत असे की आठवीपर्यंत स्क्रॅच योग्य, आणि नववीला वरील आठ-दहा तासिका झाल्यावर थेट पायथन. या मताला माझ्या वर्गाखेरीज आधार नाही, आणि इंग्रजी टंकलेखनाचा सराव नसलेल्या मुलांना पहिले दोन आठवडे जड जातात हेही खरे. चार यंत्रांवर प्रत्येकी तीन मुले बसवली तर एका तासिकेत बारा होतात आणि पाच आठवड्यांत साठांची पाळी पूर्ण होते. उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांना त्याच दिवशी सहा-सात ओळींचा छापील प्रोग्राम द्या, आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या चलाची किंमत किती झाली याचा तक्ता वहीत भरायला लावा. ज्याने हा तक्ता भरला आहे त्यालाच पुढच्या वेळी यंत्रावर बसू द्यायचे, हा नियम मी कधी मोडत नाही. तिघांपैकी कळफलक कोणाकडे याची पाळीही ठरवून द्या, अन्यथा तो एकाच मुलाकडे राहतो आणि मुली मागे उभ्या राहतात. हे मी माझ्याच खोलीत पाहिले आहे.

चलांची नावे मराठीत ठेवता येतात. गुण, बेरीज, वय अशी नावे पायथन ३ स्वीकारतो. प्रोग्राममध्ये संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. मुलाने उत्तर म्हणून टंकलेले '३५' इंट या फंक्शनने संख्येत बदलता येते, पण प्रोग्रामच्या ओळीत ३५ लिहिले तर चूक दाखवली जाते.

तुमच्या चार जुन्या यंत्रांवर विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ ही आवृत्ती घ्या, त्यापुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. एक्सपी असेल तर ३.४ वर थांबावे लागेल, आणि आठवीसाठी स्क्रॅचची १.४ ही जुनी आवृत्ती अशा यंत्रांवर चालते. यंत्रांवर नेमके काय आहे आणि मेमरी किती आहे ते कळवलेत, तर माझ्याकडील छापील प्रोग्रामांपैकी कोणते तिथे चालतील ते पाहून सांगतो. नव्या संचांची तारीख ठरली की तीही कळवा.