दुधाची पिशवी विसळण्याविषयी लेकीला पत्र

चिरंजीव लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा आठवडे लातूरला आजीजवळ राहून तू इथे कॅनडात, मिसिसागाला परत आलीस, त्या रात्री बॅग रिकामी करता करता तू मला विचारलेस, "आई, आजी गरीब आहे का?" मी चमकून पाहिले तेव्हा तू सांगितलेस की आजी दुधाची रिकामी पिशवी घोटभर पाण्याने विसळून ते पांढुरके पाणी चहाच्या आधणात ओतते, पिशवी धुऊन चिमटा लावून दोरीवर वाळत घालते, तांदूळ धुतलेले पाणी कुंडीत घालते; आणि तू पानात अर्धी पोळी टाकलीस तेव्हा ती रागावली नाही, पण तीच पोळी झाकून ठेवून संध्याकाळी तिने स्वतः खाल्ली. "नाही ग, सवय आहे तिला तशी," एवढे बोलून मी दिवा मालवला. त्या उत्तराने तुझे समाधान झाले नव्हते हे मला अंधारातही कळले. म्हणून हे पत्र.

आजी गरीब नाही. तिने पस्तीस वर्षे शाळेत शिकवले, तिला निवृत्तिवेतन मिळते, राहते घर तिचे स्वतःचे आहे, आणि दुधाच्या पिशवीला चिकटलेले दोन चमचे दूध वाया गेले तर तिचे काहीही अडणार नाही. मात्र एके काळी ती गरीब होती, आणि त्या काळाबद्दल ती आपणहून कधी बोलत नाही, म्हणून तो मी सांगते.

१९७२ साली आजी बारा वर्षांची होती, म्हणजे आज तू आहेस तेवढी. पावसाने आधीपासूनच ओढ दिलेली होती, आणि त्या वर्षी तर मराठवाड्यातल्या विहिरींचा तळ दिसू लागला, जनावरे दावणीला मरू लागली. लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने रस्त्यांची, पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची आणि खडी फोडण्याची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे अशा दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत तुझी पणजी आणि तिच्याबरोबर शाळा सोडून गेलेली तुझी आजी होती. तिथे मुलांना सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, मिळत असे. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी आजीला गिळवत नसे, तरी तिने ती कधी टाकली नाही. पीठ मळून झाले की परातीला चिकटलेले पीठ पणजी पाण्याने सोडवून घेई आणि ते पाणी कालवणात घाली. दुधाची पिशवी विसळणारे आजीचे बोट मला दिसते तेव्हा त्यामागे मला ती परात दिसते.

दुसरी गोष्ट तुझ्या जन्मानंतरची आहे. तू तीन वर्षांची असताना, २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि शेवटी मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी आली, तिला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मी इथून रोज फोन करीत असे. आजी मला पाण्याचा हिशेब सांगे, जसा एखादा दुकानदार गल्ल्याचा सांगतो: आज टँकर आला, दोन पिंपे भरली, इतक्या दिवसांची सोय झाली. आंघोळ ती मोठ्या घमेल्यात बसून करी, म्हणजे ते पाणी संडासासाठी वापरता येई. तांदूळ आणि डाळ धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात फिरे, आणि उरलेला गढूळ तांब्या तुळशीला किंवा कढीपत्त्याला जाई. पाहुणा आला तर ती पेला अर्धाच भरून देई आणि तांब्या शेजारी ठेवी. ज्याला हवे त्याने आणखी घ्यावे, पण भरलेला पेला ओठाला लावून तसाच सोडून कोणी जाऊ नये. ही पद्धत आजीने पाऊस पडल्यावरही मोडली नाही. तुलाही तिने अर्धाच पेला दिला होता, आणि आजी पाणीसुद्धा मोजून देते अशी तू माझ्याजवळ तक्रार केली होतीस, ते आठवते ना?

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण या विषयात आपल्या लोकांची बुद्धी खरी चालली ती तिथेच.

सकाळी चहा घेताना आजी सगळ्यांना विचारते, "जेवायला कोण कोण आहे? तू भाकरी किती खाणार?" तुला हा प्रश्न विचित्र वाटला असेल, पण उरू न देण्याची सुरुवात या प्रश्नापासून होते. लातूरच्या उन्हाळ्यात दुपारचे वरण झाकून ठेवले तरी रात्रीपर्यंत आंबते, म्हणून मापातच शिजवावे लागते. तरीही उरते, आणि उरलेल्याला आपल्याकडे नवे नाव मिळते. वरण उरले की त्यात कणकेचे तुकडे सोडून चकोल्या होतात. भाकरी उरली की ती कुस्करून कांद्याच्या फोडणीत परततात, पोळी उरली की गूळ आणि तूप घालून तिचा लाडू वळतात, आणि हा लाडू शिळ्या पोळीचा असतो हे मला दहाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते; मला तो सणाचा वाटे. दोडका चिरताना निघालेल्या शिरा तू कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघालीस तेव्हा आजीने तुझा हात धरला होता, ते त्यांची तीळ आणि सुक्या खोबऱ्याची चटणी करायची होती म्हणून. त्या चटणीला दोडक्याच्या भाजीपेक्षा जास्त चव असते असे माझे प्रामाणिक मत आहे.

पण यातले सर्वांत सुंदर उदाहरण होळीचे आहे. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवतात आणि नंतर ते पाणी निथळून काढावेच लागते, नाहीतर पुरण सैल होते. त्या पाण्याला पुण्याकडे कट म्हणतात, आपल्याकडे येळवणी म्हणतात. डाळीचा सगळा कस त्यात उतरलेला असतो. त्यात थोडे पुरण कालवून, चिंच, गूळ, काळा मसाला आणि भाजलेले खोबरे घालून जी आमटी होते तिच्यावाचून पुरणपोळीचे जेवण पूर्ण होत नाही. म्हणजे जे पाणी मोरीत जायचे ते सणाच्या ताटात मानाने बसले आहे. कोणा एकीने हे ठरवून केले नसेल. शेकडो वर्षे कितीतरी बायकांना ते पाणी ओतून देववले नाही, म्हणून ती आमटी जन्माला आली असे मी मानते.

तसेच सायीचे. रोजच्या दुधावरची साय साठवायची, तिला विरजण लावायचे, घुसळून लोणी काढायचे, ताकाची कढी करायची, लोणी कढवून तूप करायचे आणि तळाशी राहिलेली खमंग बेरी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवायची. इथल्या दुधावर जाड साय धरत नाही, कारण त्यातली स्निग्धता यंत्राने दुधातच एकजीव केलेली असते. म्हणून तुला बेरी लातूरलाच पहिल्यांदा खायला मिळाली.

वस्तूंबद्दल थोडक्यात सांगते. आजीची सुती साडी विरली की ती गोधडीत जाते. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे होते, आणि पायपुसणे कुजते तेव्हाच ते घराबाहेर पडते. जुने कपडे देऊन आम्ही बोहारणीकडून स्टीलची भांडी घेत असू. ज्या वाटीत तू श्रीखंड खाल्लेस ती तुझ्या मामाच्या दोन पँटींची आहे. शाळेचे वर्ष संपले की आजी आमच्या वह्यांतली कोरी पाने काढून, दाभणाने शिवून, त्यांची कच्च्या कामाची वही करून देई. आणि ती वाळवलेली दुधाची पिशवी? तिच्यात माती भरून आजी पपईची रोपे लावते आणि गल्लीत वाटते.

हे सगळे वाचून आपल्या लोकांचे सगळेच बरोबर असते असे तू समजू नकोस. तुझ्या पणजीच्या घरात शिळे टाकत नसत हे खरे, पण ते शिळे कोण खाई? पुरुष आणि मुले ताजे जेवून उठत, आणि मागच्या पंगतीला बसलेल्या सुना कालची भाकरी आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी खात. त्या घराच्या काटकसरीचा भार बायकांच्या पोटावर होता. म्हणूनच आजीने तुझी उष्टी अर्धी पोळी खाल्ली हे तू सांगितलेस तेव्हा मला कौतुक वाटले नाही, वाईट वाटले. मी तिला फोनवर तसे म्हटलेही. आपल्या घरी काही उरले तर ते तुझे बाबा, तू आणि मी वाटून खातो, त्याचे कारण हे आहे.

आणि ज्या समाजाने येळवणी वाया जाऊ दिली नाही, त्याच समाजात लग्नाच्या पंगतीत "अहो, एक तरी घ्याच" असा आग्रह करून नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलेबी टाकतात, आणि ती पानातच राहते. आग्रहामागे माया असते, पण त्या मायेने कितीतरी अन्न उकिरड्यावर गेले आहे. लग्नात वधूवरांवर टाकलेल्या अक्षतांचे तांदूळही पायदळी जातात. आता काही घरांत त्याऐवजी फुलांच्या पाकळ्या देतात, आणि मला तो बदल मनापासून पटतो. पाण्याचेही तसेच आहे. माठातले कालचे पाणी शिळे झाले म्हणून सकाळी ओतून देण्याची चाल आमच्याही घरात होती. २०१६ नंतर आजीने ती बंद केली. पाणी शिळे होत नाही, ती म्हणाली. तिच्यासारख्या देवाधर्माचे सगळे पाळणाऱ्या बाईने एक जुनी रीत अशी सोडावी, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी गाडीत तू आणखी एक प्रश्न विचारला होतास, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. "मी इथे नळ बंद केला तर ते पाणी लातूरला जाणार आहे का?" नाही जाणार. आपल्या नळाला ओंटारियो सरोवराचे पाणी येते आणि त्या सरोवराला मांजरेची काहीच खबर नाही. तरीही ते पाणी उपसावे लागते, शुद्ध करावे लागते, नळांतून इथवर ढकलावे लागते, आणि गरम हवे असेल तर आपल्या तळघरात गॅस जाळून तापवावे लागते. काल मी बाथरूमच्या नळाखाली पातेले धरून मोजले: एका मिनिटात सहा लिटर पाणी आले. आजीच्या हंड्यात पंधरा लिटर मावते, आणि २०१६ साली असा हंडा मिळवण्यासाठी तिच्या गल्लीतल्या बायका रात्री दोन वाजता उठत होत्या. दात घासताना तू नळ अडीच मिनिटे सोडून ठेवलास तर तेवढे पाणी जाते. ते लातूरला पोचणार नाही हे मला मान्य आहे. पण पुढच्या उन्हाळ्यात तू पुन्हा आजीकडे जाशील तेव्हा तुझा हात आपोआप नळाकडे जावा, तिला सांगायची वेळ येऊ नये, एवढी माझी इच्छा आहे.

उरलेले अन्न हिरव्या डब्यात टाकले की त्याचे खत होते, म्हणून टाकायला हरकत नाही, असे तू म्हणतेस. खत होते हे चांगलेच आहे. पण तू टाकलेल्या पोळीचा गहू कोणीतरी पेरला होता, पाणी देऊन वाढवला होता, आणि ती पोळी मी दिवसभराच्या कामानंतर लाटली होती. केळीच्या सालीचे खत व्हावे, पोळी खाल्ली जावी. भूक थोडी असेल तर थोडे वाढून घे. दुसऱ्यांदा मागितलेस तर या घरात कोणी तुला हसणार नाही.

इथेही अशी माणसे आहेत, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. आपण चार लिटर दूध घेतो तेव्हा एका मोठ्या पिशवीत तीन लहान पिशव्या असतात. त्या बाहेरच्या मोठ्या पिशव्या गोळा करून, त्यांच्या लांब पट्ट्या कापून, ओंटारियोत अनेकजण अंथरायच्या चटया विणतात, आणि त्या दूरच्या देशांत जमिनीवर झोपणाऱ्या माणसांसाठी पाठवल्या जातात. आजीला मी हे सांगितले तेव्हा तिने चटईचा फोटो मागवला, आणि टाका कसा घालतात ते दोनदा विचारले.

आजी सध्या तुझ्यासाठी गोधडी शिवते आहे. तिच्यात तिची निळी इरकल आहे, माझा शाळेचा पांढरा सदरा आहे, आणि एका कोपऱ्याला तिला तुझा एखादा लहानपणचा कपडा हवा आहे. तुझा पिवळा फ्रॉक मी टाकला नव्हता. तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. तो कापायला द्यायचा की नाही, ते तू ठरवून मला रविवारपर्यंत सांग, कारण मामा पुढच्या आठवड्यात लातूरला जाणार आहे.

तुझी,
आई