वाचकांचे प्रश्न : कुंडीतला पपायरस आणि नाईलकाठचा

प्रश्न : प्राचीन इजिप्तमध्ये पपायरसच्या दांड्यापासून लिहायचं पान बनवत, तसं करायला रोपवाटिकेतून ‘पपायरस’ म्हणून आणलेल्या झाडाचे दांडे चिरून, आडवे-उभे रचून दाबले. वाळल्यावर दोन्ही थर सुटून आले. प्राचीन लोक कुठला डिंक वापरत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पान बनवताना डिंक लागतच नसे. तुमच्याकडे आलेलं झाड बहुधा ‘अंब्रेला पाम’ असावं. ते खऱ्या पपायरसचं भावंडच, म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं, पण त्याचा दांडा बोटभरसुद्धा जाड नसतो आणि गाभा नावापुरता. खरा पपायरस चार-पाच मीटर उंच वाढतो. त्याचा दांडा तिकोनी, बुंध्याशी मनगटाएवढा. वापरायचा तो आतला पांढरा, स्पंजासारखा गाभा.

खरा दांडा मिळाला तर ताजाच घ्या. वाळलेल्या दांड्याचे थर एकमेकांना धरत नाहीत. खालच्या भागाचे ३०-४० सेंटीमीटरचे तुकडे करून हिरवी साल पूर्ण काढा, तिचा दोरा जरी राहिला तरी तिथे उंचवटा येतो. गाभ्याच्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापा. त्या लाटण्याने लाटून हवा आणि पाणी काढा आणि स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा. पाणी रोज बदला. पट्टी अर्धपारदर्शक होऊन पाण्याच्या तळाशी बसू लागली की झालं. आठवडाभर विसरलात तर पान काळपट होतं.

आता सुती कापडावर पट्ट्या एकमेकींवर किंचित चढवून लावा. त्यांच्यावर काटकोनात दुसरा थर, वर पुन्हा कापड, आणि दोन फळ्यांमध्ये भरपूर वजन. चिकटण्याचं काम गाभ्यातला रस आणि एकमेकांत दबून बसलेल्या पेशी करतात, म्हणून दाब कमी पडला की थर सुटणारच. ओलं कापड पहिल्या दिवशी दोन-तीनदा बदला, नाहीतर बुरशी धरेल. उन्हात वाळवायची घाई केली तर पान वाकडं होतं आणि कडेने उलगडतं.

रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की नाईलचं गढूळ पाणीच चिकटवायचं काम करतं. आजच्या प्रयोगांतून तसं दिसत नाही. घोटण्याबद्दल मात्र तो नेमका आहे : हस्तिदंताने किंवा शिंपल्याने पान गुळगुळीत करावं, पण फार चकाकी आणली तर शाई नीट धरत नाही.

प्रश्न : मग पानं एकापुढे एक जोडून केलेल्या लांब गुंडाळीची पानं तरी कशी जोडत? आणि दोन्ही बाजूंनी लिहीत का?

उत्तर : इथे मात्र खळ लागे. मऊ पीठ, उकळतं पाणी आणि व्हिनेगरचे चार थेंब. पानांच्या कडा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर एकमेकींवर चढवत. ग्रीक गुंडाळीत डावं पान उजव्याच्या वर असे, त्यामुळे डावीकडून येणारा बोरू सांध्याच्या पायरीवरून खाली उतरे, तिला अडखळत नसे. उजवीकडून लिहिणाऱ्या इजिप्शियनांचं नेमकं उलट. बाजारातल्या गुंडाळीत प्लिनीच्या म्हणण्यानुसार वीसपेक्षा जास्त पानं नसत, मात्र गरजेप्रमाणे पुढे जोडता येत. ब्रिटिश म्युझियममधला ‘हॅरिस’ पपायरस ४० मीटरहून लांब आहे.

मुख्य मजकूर सहसा आतल्या बाजूला, आडव्या रेषांच्या थरावर लिहीत. पपायरस स्वस्त नव्हता, म्हणून जुन्या हिशेबांच्या पाठीवर दुसरं काहीतरी लिहिलेलं वरचेवर सापडतं. रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावाचा उत्तम पपायरस-कागद १३ अंगुळं रुंद होता, पण इतका पातळ की पाठीकडची अक्षरं दिसत. नंतरच्या सम्राट क्लॉडियसने उभा थर दुय्यम प्रतीच्या आणि आडवा थर पहिल्या प्रतीच्या पट्ट्यांचा करून ती खोड मोडली. शाई म्हणजे काजळी, डिंक आणि पाणी. ती तंतूंत मुरत नाही, पृष्ठावर बसते. त्यामुळे चुकलेलं अक्षर ओल्या स्पंजाने पुसता येई.

प्रश्न : इतकं सोयीचं साधन भारतात का आलं नाही?

उत्तर : आपल्याकडे ताडपत्र आणि भूर्जपत्र हाताशी होतं. शिवाय पपायरसला दमट हवा मानवत नाही. इजिप्तमध्येच पाहा : अलेक्झांड्रियाच्या ओलसर जमिनीत जवळजवळ काहीच टिकलं नाही, आणि ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या कोरड्या उकिरड्यांतून लाखो तुकडे निघाले. भारताचा उल्लेख असलेला एक महत्त्वाचा पपायरस आज व्हिएन्नात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या या ग्रीक दस्तात एका बाजूला केरळच्या मुझिरिस बंदराच्या व्यापारासाठीचा कर्जकरार आहे आणि दुसऱ्या बाजूला हर्मापोलोन जहाजावरच्या मालाचा हिशेब : गंगेकडची जटामांसी, हस्तिदंत आणि त्यावरची २५ टक्के जकात.

प्रश्न : कैरोहून आणलेलं चित्र खऱ्या पपायरसवर आहे का, हे कसं ओळखावं?

उत्तर : उजेडासमोर धरा. आडव्या आणि उभ्या, थोड्या कमीजास्त रुंदीच्या पट्ट्यांची जाळी दिसली पाहिजे. केळीच्या पानाची नक्कल तिथे बहुधा विकली जाते. ती वाकवताच तडकते, खरा नवा पपायरस सहज गुंडाळला जातो. ही दुसरी परीक्षा जुन्या, कोरड्या तुकड्यावर करू नका, तो खरा असला तरी मोडेल.