सोलापुरात संस्था काढू पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या युवा प्रकल्पाचा आराखडा काळजीपूर्वक वाचला. ट्युनिशियातील तरुणांच्या संस्थांकडे पाहून आपल्या शहरातही तसे काम उभे करावे, ही तुझी इच्छा मला मनापासून आवडली. मात्र तुझ्या आराखड्यात शिबिरे, व्याख्याने आणि प्रमाणपत्रे यांचाच भरणा आहे. त्या देशाच्या अनुभवातून खरोखर घेण्यासारखे जे आहे ते बाजूला राहिले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बुझीद या गावी मोहम्मद बुअझीझी या फळे-भाजी विकणाऱ्या तरुणाचा तराजू जप्त झाला. तक्रार घेऊन तो गव्हर्नरच्या कचेरीत गेला, तेथे त्याला कोणी दाद दिली नाही आणि त्या कचेरीसमोरच त्याने स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारी २०११ रोजी त्याचा मृत्यू झाला आणि या घटनेने देशभर उसळलेल्या आंदोलनामुळे त्याच महिन्याच्या १४ तारखेला अध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. त्याच वर्षी संस्था स्थापण्याचे नियम सैल झाले आणि नव्या संस्था हजारोंनी निघाल्या. तरीही २०१३ मध्ये राजकीय हत्यांनी देश हादरला, तेव्हा भांडणाऱ्या पक्षांना चर्चेला बसवले ते कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघटना आणि वकिलांची संघटना या चौघांनी. २०१४ ची राज्यघटना त्यामुळे मार्गी लागली आणि २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक या चौघांना मिळाले. यातला कामगार महासंघ १९४६ सालचा. त्याच्या पाठीशी स्वतःचे लाखो सभासद होते. त्याचा शब्द कोणालाच सहज झिडकारता आला नाही, तो या बळामुळे.

पण पोटाचा प्रश्न तसाच राहिला. अंतर्भागातल्या शिकलेल्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या नाहीत आणि २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा त्या रात्री अनेक लोक रस्त्यावर येऊन आनंद साजरा करत होते. मला याचे फार वाईट वाटते. परंतु ज्याच्या हातगाडीला संरक्षण मिळाले नाही, त्याने संसदेच्या रक्षणासाठी बाहेर का पडावे, याचे उत्तर त्या दहा वर्षांत त्याला कोणी दिले नव्हते.

आपल्याकडे निदान कायदा तरी आहे. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात; संस्था-संघटनांसाठीही किमान दहा टक्के जागा आहेत. तुला बसायचे असेल तर त्या जागेवर बस. लक्ष्मी मंडईच्या आसपास टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला ही समिती ठाऊक आहे का, सर्वेक्षणाच्या यादीत तिचे नाव आहे का आणि तिचा मुलगा समितीच्या सभेचा अहवाल वाचून तिला सांगू शकतो का, येथून तुझे काम सुरू होते. अर्ज भरून देणे सोपे असते. त्या मुलाला अर्ज, पोचपावती आणि अपील यांची सवय लावणे अवघड असते, आणि तुझा वेळ त्यावरच खर्च व्हावा असे मला वाटते.

विडी कामगार स्त्रियांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, ती मला खटकली. जुनी मिल, नरसिंग गिरजी मिल बंद पडल्यावर गिरणगावाची जी घरे तगली, त्यांतली कितीतरी या बायकांच्या हातांवर तगली. पाने आणि तंबाखू घरी आणायची, पाने भिजवून कापायची, विड्या वळून मोजून परत द्यायच्या, आणि त्यांतल्या काही नापास झाल्या की तो तोटा मुकाट्याने सोसायचा, असा त्यांचा दिवस असतो. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यामुळे त्यांच्या मुलांना शिष्यवृत्तीची सोय झाली, पण ओळखपत्राशिवाय ती हाती येत नाही. पूर्व भागात सभा ठेवशील तर त्यांची विड्या देऊन परतण्याची वेळ विचारून ठेव आणि बोलणे तेलुगूत होऊ दे. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यांतही हाच नियम पाळ. मराठी भाषण ऐकून माना डोलावणाऱ्या बायका तुझ्या सभासद झाल्या, असे समजू नकोस.

वर्गणीचा मुद्दा तुला संकोचाचा वाटतो, हे मी जाणतो. तरीही महिन्याला दहा रुपये का होईना, घे. पावती दे आणि हिशेब दर तिमाहीला सर्वांसमोर वाचून दाखव. देणगीदाराच्या पैशावर चालणारी संस्था देणगीदाराचे धोरण बदलले की थांबते. शिवाय दहा रुपये देणारी बाई हिशेब विचारते, आणि तिच्या शेजारी बसलेली तिची मुलगी तो विचारायला शिकते. या शिक्षणासाठी मला वेगळे शिबिर आवश्यक वाटत नाही.

आता आराखडा पुन्हा लिही. शिबिरांचा खर्च निम्म्यावर आण आणि वाचलेल्या रकमेतून विडी कामगारांच्या दोन मुलींना व पथविक्रेत्यांच्या दोन मुलांना वर्षभराचे मानधन दे. कार्यकारिणीत त्यांना मताचा अधिकार असावा, असे संस्थेच्या घटनेतच नमूद कर. नोंदणीचे कागद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात देण्याआधी तो मसुदा माझ्याकडे पाठव.

तुझा शुभचिंतक