जुन्या ओम्नीचे मागचे शॉकअप घरी बदलता येतात का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2006ची ओम्नी आहे, खानापूर-जांबोटी रस्त्यानं रोजचं जाणं-येणं आहे, मागून खडखड ऐकू येते आणि खड्डा गेला तरी गाडी डुलत राहते. गॅरेजवाल्यानं चारही शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) बदलायला सांगितलेत आणि तुम्हाला ते घरी करायचेत.

मागचे दोन घरी होतील, निवांत होतील. पुढच्या दोघांना मात्र घरी हात लावू नका. माझ्याकडेही ओम्नीच आहे, तिचे मागचे शॉकअप मी अंगणात दोनदा बदललेत, पुढचे दोन्ही वेळा गॅरेजमध्येच दिले. कारण सांगतो.

ओम्नीला मागं पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत. गाडीचं आणि मालाचं ओझं त्या पाट्यांवर असतं, शॉकअपवर नसतं. पाटा दबतो आणि परत उसळतो, ती उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रं असतात. तेल त्या छिद्रांतून जोर लावून ढकललं जातं, तेव्हा उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आलात की दोन्ही मागच्या शॉकअपना हात लावून बघा (सायलेन्सर तापलेला असतो, तिकडं हात नको). काम करणारा कोमट लागतो. एक कोमट आणि दुसरा गार असेल तर गार असलेला मेलाय. अंगावर तेल ओघळून धूळ चिकटलेली असेल तर मग विचारायलाच नको.

मागं पाटा वेगळा आणि शॉकअप वेगळा, त्यामुळं शॉकअप काढला तरी काही उसळून अंगावर येत नाही. पुढं तसं नाही. तिथं स्प्रिंग शॉकअपभोवतीच दाबून बसवलेली असते. ती दाबून धरायचं हत्यार नसताना वरचा मधला नट सोडला तर ती गोळीसारखी सुटते. तारेनं, दोरखंडानं स्प्रिंग बांधून हे काम करणारे मी बघितलेत. कृपा करून तसं करू नका. शिवाय पुढचं काम झालं की चाकांचं अलाइनमेंट तपासावं लागतं, म्हणजे गाडी शेवटी गॅरेजला न्यावीच लागते.

आता खडखडीचं. दुकानात जायच्या आधी ती कुठून येते ते शोधा, कारण मेलेल्या शॉकअपनं गाडी डुलते, पण त्याचा आवाज येईलच असं नाही. खडखड पुष्कळदा शॉकअपच्या टोकाला असलेल्या झिजलेल्या रबरी बुशाची (कडीत बसणाऱ्या रबरी नळीची) असते, नाहीतर पाट्याच्या मागच्या टोकाला शॅकल, म्हणजे पाटा बॉडीला जोडणारी हलती कडी असते तिथल्या बुशाची, नाहीतर पाटा अॅक्सलला (मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या कण्याला) आवळून धरणाऱ्या ढिल्या यू-बोल्टची. गाडी सपाट जागी चारी चाकांवर उभी करा. घरातल्या कुणाला तरी मागचा बंपर दाबून सोडायला सांगा, तुम्ही बाजूनं हात घालून आधी शॉकअपच्या वरच्या टोकाला, मग खालच्या, मग शॅकलला बोटं टेकवा. सैल जागा बोटांना टिकटिक लागते, कानाच्या आधी बोटांना कळतं. माझ्या गाडीत पहिल्यांदा आवाज आला तो नुसता शॅकलच्या बुशाचा होता आणि मी शॉकअपची जोडी आणून मोकळा झालो होतो. डुलण्याची परीक्षाही तेव्हाच होते: दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन बसली तर शॉकअप ठीक, दोन-तीनदा झुलली तर गेलेत.

घेताना जोडीच घ्या. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना असेल तर वळणावर आणि ब्रेक मारताना गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेनं वागते. ओम्नी 2019 साली बंद झाली तरी हा माल बेळगावात मिळतो. काउंटरवर ‘मुंदिंदा, हिंदिंदा?’ असं विचारलं तर हिंदिंदा म्हणजे मागचा. शॉकअप हा शब्द इकडं मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, तेवढी सोय. घरी आणलेला शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. दुकानात आडवा पडून आत हवा शिरलेली असते, ती निघते आणि हाताला सगळीकडे सारखा जोर लागायला लागतो. गॅसचा असेल तर तो पट्टी बांधून येतो, त्याची पट्टी बसवतानाच कापा.

गाडी उचलण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यात जीव जातो. ओम्नीला इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना आहे. मागची बाजू जॅकवर गेली की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निकामी, गाडी पुढच्या चाकांवर सरकायला मोकळी. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावायचेच. आणि आपल्याकडे अंगणात हाताशी जांभ्याचा चिरा असतो, तो गाडीखाली टेकू म्हणून कधीच नको. ब्रेकच्या कामाला मी एकदा चिऱ्यावर गाडी ठेवली होती. दिवसभर बरा राहिला, संध्याकाळी मी पाना आणायला आत गेलो आणि मागं धाडकन आवाज झाला. चिरा मधून उभा फुटला होता. तडकलेला आधी दिसतही नव्हता.

त्यानंतर मी गाडी जॅकवर घेतच नाही. पाच-सहा इंच जाडीचे सागवानी ओंडके तासून उतार केलाय, मागची चाकं रिव्हर्समध्ये त्यावर चढवतो. चाकांवर ओझं राहतं, गिअर-हँडब्रेकही धरतात, तरी दगड लावतोच. पाठीवर झोपून काम करायला तेवढी जागा पुरते.

शॉकअपच्या दोन्ही टोकांना गोल कडी आणि तिच्यात रबरी बुश असतो. वरचं टोक बॉडीला, खालचं अॅक्सलला. आपल्याकडच्या पावसात आणि लाल चिखलात हे नट असे गंजतात की आटे दिसेनासे होतात. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशनं घासून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण लावा, रात्री परत लावा. सकाळी रिंग पान्यानं पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. चुरचुर आवाज करत गंज बाहेर येतो. फिक्स पाना वापरू नका, कोपरे जातात. वरच्या नटाला तर पाइप लावून कधीच ओढू नका. तो ज्या दांड्यावर आहे तो तुटला तर वेल्डिंगशिवाय इलाज नाही. नट हललाच नाही तर गाडी गॅरेजला न्या. घरी गॅसची ज्योत किंवा ग्राइंडर अजिबात नको, खाली पेट्रोलची टाकी आहे, आणि या गाड्यांत कितीतरी जणांनी गॅसचं किट बसवलेलं असतं.

एक बाजू पूर्ण करा, मगच दुसरीकडे वळा. म्हणजे वायसर कुठला आत आणि कुठला बाहेर हे विसरलात तर दुसरी बाजू बघता येते. नवा घालताना दांड्याला ग्रीस पुसट लावा, बुशाच्या रबराला लावू नका, ग्रीसनं रबर फुगतं. हवं तर साबणाचं पाणी लावा.

शेवटचं आवळणं गाडीचं ओझं चाकांवर असतानाच करायचं. अॅक्सल लोंबकळत असताना नट घट्ट केला की बुश त्या अवस्थेत पकडला जातो, गाडी खाली बसली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. माझी पहिली जोडी अशीच गेली, शॉकअप ठणठणीत आणि बुशांचा चुरा. ओंडक्यांच्या पद्धतीत ही चूक होऊच शकत नाही.

मग जांबोटीपर्यंत एक फेरी मारा आणि परत आल्यावर चारही नट पान्यानं तपासा. दरवर्षी खंडेनवमीला गाडी धुता तेव्हा खाली वाकून तेल ओघळलंय का तेही बघत जा.

बंपर दाबून टिकटिक कुठं लागली ते कळवा. शॅकलला लागली असेल तर शॉकअप अजून घेऊ नका, बुश कसे काढायचे ते मी लिहितो.