ऑक्झलेटचं वेड आणि बाबांची काळजी

तुझं पत्र मिळालं. तू एसवायबीएस्सीला आहेस. प्रॅक्टिकलला पोटॅशियम ट्रायऑक्झलॅटोफेरेटचे हिरवे स्फटिक केलेस आणि तेव्हापासून धातूंची ऑक्झलेट (ऑक्झॅलिक आम्लापासून होणारी) संयुगं, त्यांची रचना आणि चुंबकत्व हाच विषय घ्यायचं मनात आहे. बाबा म्हणतात, ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी कर, तारापूरला नाहीतर कुरकुंभला रासायनिक कारखान्यात नोकरी मिळेल. कोणाचं ऐकू, असं तू विचारतेस.

आधी विषयाबद्दल बोलू, कारण तू त्याचा उंबरठाच पाहिला आहेस. तुझ्या हिरव्या स्फटिकात प्रत्येक ऑक्झलेट एकाच लोखंडाला धरून असतं. लोखंडावर पाच अयुग्मित, म्हणजे जोडी न लागलेले, इलेक्ट्रॉन असतात, पण शेजारच्या लोखंडाशी त्यांचा जवळजवळ संबंध नसतो. म्हणून तो पदार्थ साधा पॅरामॅग्नेटिक, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच थोडासा चुंबकी. हेच ऑक्झलेट दोन्ही बाजूंनी दोन धातूंना धरतं तेव्हा पूल तयार होतो. धातू एकमेकांपासून साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) दूर असूनही त्यांच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे इवलेसे चुंबक, एकमेकांना ओळखतात. १९९२मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी क्रोमियम आणि दुसरा एक धातू अशा जोडीची ऑक्झलेटं प्रसिद्ध केली. त्यांत मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी थर असतात. दुसरा धातू मँगनीज असेल तर पदार्थ ६ केल्विनला (सुमारे उणे २६७ अंश सेल्सिअस) फेरोमॅग्नेट, म्हणजे स्वतःच चुंबक, होतो, निकेल असेल तर १४ला. लोखंडाच्याच फेरस आणि फेरिक या दोन अवस्थांची जोडी घेतली तर तापमान ४५ केल्विनच्या आसपास जातं आणि चुंबकीय क्षेत्रात थंड करताना चुंबकन चक्क क्षेत्राच्या उलट दिशेला वळतं. एक अणू बदलला की सगळं वागणं बदलतं, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. पण ही तापमानं पुन्हा वाच. इतक्या कडाक्याच्या थंडीशिवाय यातलं काही दिसत नाही, म्हणून उद्या यातून बाजारात काही येईल या आशेवर हा विषय घेऊ नकोस.

आता रोजचं काम. धातूचं द्रावण आणि ऑक्झॅलिक आम्ल सरळ एकत्र ओतलं तर बहुतेक वेळा बारीक पूड खाली बसते. फेरस ऑक्झलेटची पिवळी पूड तू पाहिली असशील. सिंगल क्रिस्टल एक्स-रेला (एकाच स्फटिकावर क्ष-किरण टाकून रचना शोधायला) लावता येईल असा स्फटिक हवा तर अभिक्रिया मंदावावी लागते. कधी जेलमधून, कधी टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) काही दिवस तापवून. उघडल्यावर पुष्कळदा पूडच निघते. मग तापमान, पीएच, प्रमाण बदलून पुन्हा. हे महिनोन्‌महिने चालतं. याचा तुला कंटाळा येतो की ईर्ष्या चढते, हे पाहायचं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून सिलिका जेलमध्ये कॅल्शियम ऑक्झलेट वाढवून बघ. मूतखड्यात सापडतं तेच हे. महागडं काही लागत नाही. ऑटोक्लेव्हच्या वाटेला मात्र सध्या जाऊ नकोस.

बाबांची काळजी रास्त आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या जागा भरायला फार वेळ लागतो. मात्र नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो, हे त्यांना सांग. आणखी एक. एक्स-रे डिफ्रॅक्शन नीट येणारा माणूस औषध कंपन्यांनाही लागतो, कारण एकाच औषधाची निरनिराळी स्फटिकरूपं वेगळ्या वेगाने विरघळतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा कॅथोड करताना फेरस ऑक्झलेट कच्चा माल म्हणून वापरतात. तेव्हा ऑक्झलेटचं वेड पोटावर पाय आणेलच असं नाही. ते वेड एखाद्या यंत्रावरच्या पक्क्या हातात उतरलं नाही, तर मात्र अडचण होईल.

म्हणून माझं मत असं: टीवायला जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) दे आणि एमएस्सी इनऑरगॅनिकमध्ये कर. पण जिथे सिंगल क्रिस्टल डिफ्रॅक्टोमीटर (स्फटिकाची रचना शोधणारं क्ष-किरण यंत्र) आहे आणि विद्यार्थ्यांना तो हाताळू देतात तिथेच. प्रवेश घेण्याआधी तिथल्या पीएचडीच्या मुलांना गाठून हे विचार, माहितीपत्रकावर भरवसा ठेवू नकोस. गणित सोडू नकोस, सिमेट्री आणि ग्रुप थिअरी (सममितीचं गणित) त्याशिवाय जमत नाही. मर्क्युरी आणि व्हेस्टा ही स्फटिकरचना दाखवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. रोज एक स्फटिकरचना उघडून फिरवून पाहा, कोणता अणू कोणाला जोडलाय ते वहीत काढ. ट्रॉम्ब्याला ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन होतं. न्यूट्रॉनमुळे स्फटिकातल्या स्पिनची मांडणी कळते आणि ही सोय आपल्या राज्यातच आहे.

विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज बरेच महिने आधी भरायचे असतात, त्यामुळे आत्ताच तारखा बघून तयारीला लाग. पदार्थांच्या चुंबकत्वावर काम करणारा मार्गदर्शक निवड. दोन महिने तिथे काढल्यावर बाबांना बरोबर घेऊन बस आणि मग ठरव. कंटाळा आला असेल तर ऑरगॅनिकला जाण्यात काहीच कमीपणा नाही, तेव्हाही मला लिही, त्या वाटेचंही सविस्तर सांगेन.